शपथेची बाही

हात वर करा. उजवा हो — शपथ डाव्या हातानं घेतात का कुठं? ताठ, कानापर्यंत. बघा, बाही कशी मागं सरकली, अर्धा हात उघडा. म्हणूनच विचारलं, कोट कशासाठी. तुम्ही म्हणालात लग्नासाठी. लग्नात असा हात वर करून कोण उभं राहतं? लाजता कशाला, या गल्लीतला प्रत्येक नवा नागरिक आधी या आरशासमोर झालाय. दुमड उसवायची, उजवी बाही बोटभर लांब, डावी आहे तशी. कुणाच्या लक्षात येत नाही.

अभिनंदन वगैरे माझ्याकडून नको, ते इथं मिळत नाही. मला एकतीस वर्षं झाली या देशात — परक्याच्या कार्डावर. दर पाच वर्षांनी परक्यांच्या खिडकीसमोर उभा राहतो. आतला कारकून, माझ्या निम्म्या वयाचा, विचारतो, किती दिवस राहणार? मी म्हणतो, बघू, जमतंय का. हसता? अहो, हसायचं तर तुमच्यावर. पाठ केलेत ना सगळे प्रश्न? शेजारच्या दुकानातल्या बाईला मी विचारलं, तुमचं पहिलं कायदेमंडळ कधी बसलं. म्हणाली, मला काय माहीत, मी इथलीच आहे! घ्या. उत्तरं तुम्ही घोकायची, इथलं असायचं तिनं.

हलू नका, टाचणी आहे. उद्या दीडशे माणसं कागदावरून एका सुरात वाचणार — जन्मदेशाला सोडचिठ्ठी. बायकोला देतानासुद्धा माणूस दोनदा विचार करतो. मग हातात कागदी झेंडा, एक बिस्किट, एक फोटो, झालं, गंगेत घोडं न्हालं. परवा सकाळी पुन्हा तेच — नाव सांगितलं की समोरचा म्हणणार, परत सांगा.

कितीला आहे तुमचं? दहाला? म्हणजे तीच तुकडी. नाही, कुणी नाही — मुलगी आहे माझी. इथं आणली तेव्हा नऊ महिन्यांची होती. तिचा कोट? तो दुसरीकडे टाकलाय, मोठ्या दुकानात, तिथं बटणंही यंत्र लावतं. मीच म्हटलं होतं, शपथेचा कोट घेऊन माझ्या दारात यायचं नाही. नाही आली. हट्टी आहे, बापावर गेलीय. आमंत्रणं मात्र या मशीनवर ठेवून गेली — एक आईचं, एक माझं. खुर्च्यांना नंबर असतात, माहितीये? रिकामी राहिली की दिसते.

अर्ज भरताना फोन केला तिनं. बाबा, एक रकाना आहे, वडील नागरिक की परके, काय लिहू? हे बापाला विचारायचं? मी म्हटलं, खरं असेल ते लिही. मला वाटलं — काय वाटलं कुणास ठाऊक — वाटलं, सोडेल रिकामा. नाही सोडला. वळणदार अक्षरात लिहिलं, परके. अक्षर मीच गिरवून घेतलं होतं तिच्याकडून, याच टेबलावर. चूक काय त्यात? खरंच आहे ते. पण सही करण्याआधी तो कागद घेऊन आली, इथं उभी राहिली, तुम्ही उभे आहात तिथंच, आणि मी काही बोलतोय का म्हणून बघत राहिली. मी काज करत होतो. ते अर्धवट कसं सोडणार?

काढा कोट. सावकाश, टाचण्या टोचतील. संध्याकाळी येऊन न्या. आणि हे बघा — उद्या त्या हॉलमध्ये मागं कुठं मी दिसलोच, तर ओळख दाखवायची नाही. निघा आता.