मातीवाली काठी

मले गोल्फ कोणी शिकवलं म्हणता? आपल्या मानोरा गावाकडच्या उतारावरल्या जवारीनं. मचाणावरून पाखरायवर गोफण फिरवली का गोटा खाली लय लांब जाते, हे मले लहानपणीच समजलं होतं.

आता पुण्याकडं डोंगरावरच्या गोल्फ मैदानात साहेब लोकायच्या काठ्यायची बॅग माह्या खांद्यावर असते. परवा एक साहेब टेकाडावर उभा, अन् चेंडू टाकाच्या भोकावरला झेंडा पार खाली, दरीच्या काठाले. मी त्यायले लहान काठी काढून देली. म्हटलं, "उतार हाये साहेब, चेंडू लांब जाईन."

"तू मला शिकवणार?" म्हणे. मोठी काठी घेऊन असा हाणला का चेंडू झेंड्यावरून थेट दरीत.

मंग आमच्या मुकादमाले सांगते कसा, "या बाईनं चुकीची काठी दिली."

मुकादम मले म्हणे, "साहेबांची माफी माग, नाहीतर उद्यापासून येऊ नको."

मी दोन्ही काठ्या मुकादमाच्या नाकापुढं धरल्या. मोठीले माती अन् गवत चिकटलेलं, लहान कोरी करकरीत.

म्हटलं, "मी देली ते ही कोरी. मातीवाली साहेबाची, तिचा चेंडू बी साहेबाचा. दरीत त्यायनंच उतरावं. अन् उद्या सकाळी मी कामावर येणारच."