इनासचा वाटा

आजच्या सभेचे अध्यक्ष आमचे फादर एल्रॉय, व्यासपीठावर बसलेल्या सरपंच प्राजक्ताताई, जिला निरोप द्यायला आपण जमलो ती एस्पेरान्सा आल्मेडा, म्हणजे आपल्या सगळ्यांची एस्पूबाय, आणि वाडीतल्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना या सत्यवान गिरपचा नमस्कार. भाषणात बायला अहो-जाहो करा, असं माझ्या बायकोने, सावित्रीने बजावलंय. पण ते माझ्या तोंडात बसत नाही. बायनेच सांभाळून घ्यावं.

बाय उद्या मुलीकडे म्हापशाला जाते आहे. बायने या वाडीला प्रार्थना शिकवली, असं फादर आत्ता म्हणाले. खरंच आहे. नवं जाळं पाण्यात जाताना, बाळंतिणीच्या उशाशी, मयताच्या घरी, बाय आधी गुडघे टेकायची आणि मग कामाला हात लावायची. आम्ही हिंदू, पण आमच्याकडेही तिला कुणी परकं मानलं नाही. तरी प्रार्थना म्हणजे काय, हे मला कळलं ते एका संध्याकाळी. तेवढंच सांगतो.

दिवेलागणीला बाय किनाऱ्यालगतच्या आपल्या ओसरीवर बसून तेर्स म्हणते, म्हणजे जपमाळ. त्यातली मारियामातेची प्रार्थना दोघांची असते. एकाने पहिला भाग म्हणायचा, दुसऱ्याने पुढचा. बाय पहिला म्हणायची आणि तिचा नवरा इनास आपल्या घोगऱ्या आवाजात दुसरा. मग एका पावसाळ्याच्या शेवटी इनासची होडी समोरच्या खडपावर, म्हणजे पाण्यातल्या खडकांवर, फुटली. इनास सापडलाच नाही. त्यानंतरही बाय पहिला भाग म्हणून थांबायची, त्याचा भाग म्हणून होईल इतका वेळ गप्प बसायची आणि मगच पुढचा मणी ओढायची. आम्हाला काय वाटावं? बिचारीचं मन मानत नाही, एवढंच.

दोन वर्षांनी मी आणि माझा भाऊ धनेश होडी घेऊन परतत होतो. सर येऊन गेली, वारा पडला आणि समुद्रावर असं धुकं बसलं की होडीचं पुढचं टोक दिसेना. इंजिन बंद पडलं. किनारा कुठल्या अंगाला तेच कळेना. तेवढ्यात बायचा आवाज आला, तेर्सचा. मागोमाग दुसऱ्या बाजूने, अगदी जवळून, तिला उत्तर आलं. घोगऱ्या आवाजात.

धनेश म्हणाला, "दादा, इनासकाका थंय आसा. थंयच वळव."

मी वल्ही मारत होडी जवळच्या त्या आवाजाकडे वळवली. इनास जगात नाही, हे त्या वेळी आम्हा दोघांनाही आठवलं नाही. असं कसं झालं असेल? मला आजही सांगता येत नाही. त्याने आम्हाला हाक मारली नव्हती. तो फक्त आपला भाग म्हणत होता, जिथे होता तिथून. आणि आम्ही खडपाकडे चाललो होतो.

किनाऱ्यावर काय घडलं ते सावित्रीने पाहिलं. आम्ही आलो नाही म्हणून ती बायकडे धावली होती. तेर्स चालू असतानाच सावित्रीने बायचा हात धरला. "बाय, ह्यो कोण म्हणता?"

बायने विचारलं, "तुका पण आयकाक इलो?" आणि तिचा चेहरा उतरला. "मगे होडीतल्या तेंकाय आयकाक येत असतलो."

बाय उठून पाण्यात गुडघाभर गेली आणि म्हणाली, "इनास, पुरे आता. तुझो वाटो मी म्हणतंय. तू विसाव घे."

मग तिने दोन्ही भाग स्वतः म्हटले, एका दमात, मध्ये न थांबता. आमच्या पुढ्यातला आवाज बंद झाला. तेव्हा मला खडपावर फुटणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू आला, जेमतेम दोन वल्ह्यांच्या अंतरावर. आम्ही होडी फिरवली आणि मागून येणाऱ्या बायच्या आवाजावर किनारा गाठला.

रोज संध्याकाळी नवरा सोबतीला होता, हे बायने कुणाला सांगितलं नव्हतं. तिने तो सोडला, आमच्यासाठी. परत तो आवाज आला नाही.

गेल्या आठवड्यात बाय म्हणाली, जाण्याआधी एकदा खडपाकडे ने. मी नेलं. मी तिथे इंजिन कधी बंद करत नाही, भीती वाटते. जवळ गेल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "इंजिन बंद कर, सत्यवान. निजलो आसा तो."

आम्ही वल्हवत, न बोलता, बाजूने निघून आलो.

फादर, ताई, तुम्ही मला बोलू दिलंत, तुमचे आभार. शब्द कमी-जास्त झाला असेल तर पोटात घाला. बाय, तू बरी रव.