ओली पोती

धाकटा : पुरे झालं ताई तुझ्या डॉल्फिनचं कौतुक. त्याच्यासाठी अख्खं गाव धावलं, मान्य. माझ्या बुरशीसाठी कधी कुत्रंसुद्धा धावलं नाही.

ताई : तुझी बुरशी माणसाकडे अशी टुकुटुकु बघते का? वाळूवर पडला होता बिचारा, नुसता उसासे टाकत. आमचं पथक पोचायच्या आत बायका बादल्या घेऊन हजर!

धाकटा : बघत नाही म्हणूनच तिची भीती वाटते. काणी लागलेला गव्हाचा दाणा वरून धडधाकट. फोडला की आत काळी भुकटी. डॉल्फिन मरताना निदान दिसतो तरी.

ताई : मेला नाही हं तो! भरतीला सुटला. ओल्या पोत्यांनी वाचवला त्याला, नाहीतर उन्हानं कातडी सोलून निघाली असती.

धाकटा : एवढी पोती कुठून आणलीस?

ताई : तुझ्याच प्रयोगशाळेची. मागच्या शेडमधली.

धाकटा : शेडला कुलूप आहे.

ताई : आणि चावी घरात खुंटीला. असा काय बघतोस? देईन की नवी आणून.

धाकटा : ती जाळायची होती, ताई.

ताई : मग जाळली का नाहीस? रोज आपलं ‘उद्या बघू, उद्या बघू’!

धाकटा : चुकलंच माझं. आता कुठे आहेत ती?

ताई : वाळवली आणि वाटून टाकली. माणसं इतकी राबली, रिकाम्या हातानं कशी पाठवू?

धाकटा : वास नाही आला कुणाला?

ताई : आला की. सडक्या मासळीचा. म्हटलं, डॉल्फिनचा असेल.

धाकटा : डॉल्फिनला तसा वास येतो? तुझा जन्म गेला त्यांच्यात.

ताई : नाही रे. जिवंत डॉल्फिनला नाही येत.

धाकटा : काणीला येतो.

ताई : पण खाऱ्या पाण्यात भिजली होती ना पोती? मेली असेल.

धाकटा : इतक्यानं मरत नाही ती. त्या पोत्यात बियाणं भरलं की दाण्याला चिकटणार, पेरलं की रोपाबरोबर वाढणार. कणीस भरेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

ताई : थांब. बाबांनीपण नेलीत दोन.

(ताई फोन लावते आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवते.)

बाबा : बोल गं. आत्ताच हातपाय धुऊन टेकलो बघ.

ताई : बाबा, ती पोती कुठे आहेत?

बाबा : आहेत की, झकास! तुझ्या माशाचा वास तेवढा जात नाही. जाऊ दे, मी सगळ्यांना अभिमानानं सांगतो, माझ्या लेकीनं वाचवला म्हणून.

धाकटा : बाबा, त्यात काय भरलं होतं?

बाबा : गव्हाचं बियाणं, दुसरं काय? सगळ्यांनीच भरलं. पोती शुभ आहेत म्हणे, जीव वाचवलेली.

धाकटा : पेरू नका. ऐका माझं, कुणालाच पेरू देऊ नका.

बाबा : हे आत्ता सांगतोस होय? झाली की पेरणी.

ताई : सगळ्यांची?

बाबा : सगळ्यांची. आणि प्रत्येकानं पहिली मूठ तुझ्या नावानं टाकली, पोरी.