फळीपाशी दोर कोण घेणार?

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आदरणीय पाळकसाहेब, प्रदर्शनाच्या मुख्य परीक्षक बाईसाहेब, जनावरांचे डॉक्टरसाहेब, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत ते आमचे काका, मंडळीतील वडीलधारी माणसं, बाहेर ट्रक लावून खिडकीतून आत डोकावणारे ड्रायव्हरमामा, आणि आपापली जनावरं मागच्या कप्प्यांत बांधून पुढच्या रांगेत येऊन बसलेल्या माझ्या लहान भावंडांनो, तुम्हा सर्वांना माझा नम्र सलाम.

माझ्याआधी फार चांगली भाषणं झाली. मला बोलायची सवय नाही. म्हणून मी सगळं कागदावर लिहून आणलं आहे, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून. कागद हलतो आहे तो पंख्यामुळे नाही, हे पुढच्या रांगेच्या लक्षात आलंच असेल. आणखी एक सांगून ठेवतो. टाळ्या हळू वाजवा. या भिंतीच्या पलीकडे मेंढरं आहेत.

काकांना सगळे ‘फळीकाका’ का म्हणतात, हे नव्याने आलेल्या पाहुण्यांना ठाऊक नसेल. आपल्या प्रदर्शनाचा एक जुना नियम आहे. मांसासाठी वाढवलेलं जनावर शेवटच्या दिवशी ट्रकपर्यंत ज्याने वाढवलं त्यानेच न्यायचं. आईने नाही, वडिलांनी नाही. ट्रकच्या मागे लाकडी फळी लावलेली असते. तिच्या पायथ्याशी काका उभे असतात. मूल त्यांच्या हातात दोर देतं आणि जनावराचं नाव सांगतं. काका ते नाव स्वतः एकदा म्हणतात. मग जनावराला घेऊन फळी चढतात, वर गेल्यावर त्याच्या तोंडावरची म्होरकी काढतात, आणि ती रिकामी म्होरकी खाली आणून मुलाच्या हातात ठेवतात. बस, एवढंच काम. एवढ्याशा कामाला काय लागतं, असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटत नाही.

लहानपणी मी काकांना फार घाबरायचो. खरं सांगायचं तर मी कशाला घाबरत नव्हतो? चौथीच्या परीक्षेला वर्गाच्या दारापर्यंत गेलो आणि तिथूनच परत आलो, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे आणि उरलेल्या निम्म्यांना माझ्या आईने सांगितलं आहे. पण काकांची भीती वेगळी होती. त्यांचं मटणाचं दुकान आमच्या वाटेवर. पांढऱ्या फरश्या, टांगलेले आकडे, आणि काकांचा तो एप्रन. मी समोरच्या फुटपाथवरून जायचो. रविवारी मात्र इलाज नसे. उपासनेत ते बरोबर आमच्या पुढच्या बाकावर. प्रार्थनेला सगळे डोळे मिटायचे, मी उघडे ठेवून त्यांच्या मानेकडे बघत बसायचो. पाळकसाहेब, आता मोठ्ठं ‘आमेन’ म्हणतो तेव्हा डोळे मिटलेले असतात.

मग मी तेरा वर्षांचा झालो आणि वडिलांनी मला प्रदर्शनासाठी एक नर कोकरू आणून दिलं. मी त्याचं नाव सरदार ठेवलं. तो पहिले काही दिवस पाण्याच्या बादलीलाही घाबरायचा, त्यामुळे आमचं जमलं. मी त्याला साबणाने धुवायचो, लोकर विंचरायचो, खूर साफ करायचो. आई म्हणायची, “स्वतःच्या डोक्याला कधी कंगवा लावलास का रे? मेंढराचा भांग मात्र रोज पाडतोस.” म्होरकी घालून चालायची सवय लागावी म्हणून मी त्याला गल्लीतून फिरवायचो. तो चार पावलं चालायचा आणि बसकण मारायचा. शिंपीकाका मशीन थांबवून ओरडायचे, “अरे, कोण कुणाला फिरवतंय ते तरी ठरवा!”

रिंगणात उभं राहायचे नियम मी पाठ केले होते. जनावर नेहमी आपल्या आणि परीक्षकाच्या मध्ये ठेवायचं. चारही पाय चौकोनात उभे करायचे, म्हणजे परीक्षकाला पाठीवर हात ठेवून जनावर तपासता येतं. चेहरा हसरा ठेवायचा. आणि काहीही झालं तरी परीक्षकाच्या चेहऱ्यावरून नजर हलवायची नाही. बाईसाहेब, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही विसरला असाल तर बरंच आहे, पण मला आज सांगणं भाग आहे.

आम्ही रिंगणात शिरलो. माझे पाय थरथरत होते. माझ्याकडे बघून सरदारही थरथरायला लागला. मी दोर असा काही आवळून धरला होता की त्याची मान वर ताणली गेली होती. कुंपणापाशी काका उभे होते. ते हळूच म्हणाले, “पोरा, दोर सैल कर. तुझ्या पोटातलं सगळं त्याला कळतंय.”

आता मोठ्या माणसाने सांगितलं म्हणजे ऐकायला हवं. मी दोर सैल केला. दोर सैल, नाकावरचा फास सैल, सगळंच सैल. सरदारने शांतपणे मान मागे घेतली, म्होरकीतून तोंड बाहेर काढलं आणि तो कुंपणाच्या कडेचं गवत खायला निघून गेला. पण माझी नजर? नियमाप्रमाणे बाईसाहेबांच्या चेहऱ्यावर. मी हसत हसत, रिकामी म्होरकी मातीतून ओढत, अर्ध्या रिंगणाला फेरी मारली. बाईसाहेबांनी जवळ येऊन विचारलं, “छान. पण मी हात कशावर ठेवू?”

हसा, हसा. पण हळू. मागे मेंढरं आहेत.

त्या वर्षी मला बक्षीस मिळालं नाही. पण फळीचा नियम बक्षिसावर अवलंबून नसतो. संध्याकाळी मी सरदारला घेऊन रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला, आणि माझी बोटं उघडेचनात. मागून वडील म्हणाले, “सोड रे, लोक बघतायत.” काका त्यांना म्हणाले, “तुम्ही जरा मागे व्हा.” मग मला विचारलं, “याचं नाव काय?” मी सरदारच्या कानामागची लोकर सारखी करत राहिलो. काका थांबले. ड्रायव्हरमामांनी हॉर्न दिला. काका वळूनसुद्धा न बघता म्हणाले, “परत वाजवलास तर किल्ली काढून घेईन.”

मी विचारलं, “काका, त्याला भीती वाटेल का?”

ते म्हणाले, “वाटू नये म्हणून तर मी आहे.”

मी नाव सांगितलं. त्यांनी ते हळू आवाजात म्हटलं, जसं पाळकसाहेब बाप्तिस्म्याच्या वेळी म्हणतात. दोर त्यांच्या हातात लोंबत होता, अगदी सैल, आणि सरदार त्यांच्या शेजारून फळी चढला. ज्याला मी महिनोन्महिने गल्लीतून ढकलत होतो, तो स्वतःच्या पायांनी चढला. त्याने मागे वळून बघितलं नाही. मला वाईट वाटलं. मग बरं वाटलं. मग बरं वाटलं याचीच भीती वाटली. काका रिकामी म्होरकी घेऊन खाली आले. खाटकाच्या हातातून काही घेताना मी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

त्यानंतर मी दर वर्षी मेंढरं वाढवली, बक्षिसंही मिळवली. त्यांची यादी सांगून आपला वेळ घेत नाही. मुद्दा वेगळा आहे.

काका आज आपल्याला सोडून मुलीकडे राहायला जात आहेत ते हौसेने नाही, हे सर्वांना माहीत आहे, पण अजून कुणी बोललं नाही. माफ करा काका, मी बोलतो. गेल्या वर्षी एक बोकड फळीच्या मध्यावर अडला. काकांनी ओढलं नाही, ते कधीच ओढत नाहीत. पण मी जवळ उभा होतो आणि मला दिसलं की दोर हलतोय. वारा नव्हता. काकांचा उजवा हात थरथरत होता. त्यांनी स्वतःच्या हाताकडे असं बघितलं, जसा कुणा दुसऱ्याचाच हात आपल्याला येऊन चिकटला आहे. मग त्यांनी दोर डाव्या हातात घेतला आणि काम पूर्ण केलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, औषधं आहेत, पण हा आजार मागे फिरणारा नाही.

समितीने विचारलं, तुमच्या जागी फळीपाशी कोण? काकांनी माझं नाव सांगितलं.

मला वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. मी तडक दुकानात गेलो. काका फरशी धूत होते.

मी म्हणालो, “काका, तुम्ही चुकीचं नाव दिलंत.”

“बरोबर दिलंय.”

“माझे हात थरथरतात.”

त्यांनी झाडू ठेवला आणि आपला हात पुढे केला. “माझाही. बघ, दोघांचे मिळून एक धड होतो का.”

मला हसू आलं नाही. मी म्हणालो, “तुमचा आजार आहे. माझी भीती आहे. ती दोरातून जनावरात उतरते, तुम्हीच शिकवलंत.”

“आवळलेल्या दोरातून उतरते. भीती घालव असं मी कधी म्हटलं का तुला? दोर सैल कर, एवढंच म्हटलं. तू आख्खं मेंढरू सोडून दिलंस, तो भाग वेगळा.”

“तुम्हाला वाटते भीती?”

“प्रत्येक वेळी. ज्याला वाटत नाही त्याच्या हातात मी पोरांची जनावरं देणार नाही. तो ओढतो.”

एवढं बोलून त्यांनी परत झाडू घेतला. मी समितीला काहीच कळवलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, घाई नको, निरोपाचं भाषण तू कर आणि भाषणाच्या शेवटी उत्तर दे. पाळकसाहेब, तुमच्याबद्दल मला आदर आहे, पण तेव्हापासून मी नीट जेवलेलो नाही.

आणि आता जे कागदावर नाही ते सांगतो.

माझी धाकटी बहीण त्या तिकडे, शेवटच्या खिडकीपाशी उभी आहे. बसत नाही, कारण खिडकीतून तिला तिचं कोकरू दिसतं. तिचं हे पहिलं वर्ष. कोकराच्या नाकावर काळा ठिपका आहे म्हणून त्याचं नाव बटण. रविवारच्या शाळेत भिंतीवर मेंढपाळाचं चित्र आहे, खांद्यावर कोकरू घेतलेलं. तिने बाईंना विचारलं, “हा त्याला कुठे नेतोय?” बाई म्हणाल्या, “घरी.” ही म्हणाली, “आणि मग?” बाई म्हणाल्या, “चला, आता गाणं म्हणू या.”

मग तिने काकांना विचारलं, बटणचं काय होणार. काका खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, “मांस होणार, बाळ. लोक जेवतील. पण तोवर त्याच्यावर कुणी ओरडणार नाही.” ती घरी येऊन खूप रडली आणि मग पातेलं घेऊन त्याला पाणी पाजायला गेली.

काल ती मला म्हणाली, “दादा, दोर तूच घेशील ना?”

मी म्हणालो, “बघू.”

“बघू म्हणजे काय? काका नाहीत तर तू. दुसऱ्या कुणाला मी देणार नाही. बटणला घेऊन पळून जाईन.”

“कुठे जाशील?”

“आत्याकडे.”

“आत्या चौथ्या मजल्यावर राहते.”

“बटणला जिने आवडतात.”

माझी भीती नेमकी हीच आहे. ऐन वेळी माझी मूठ आवळली, तर बटण फळीच्या मध्यावर अडेल. मागे वळून तिला शोधेल आणि ओरडेल. ते ओरडणं तिला जन्मभर ऐकू येत राहील, आणि तो दोर माझ्या हातात असेल. मग दुसऱ्या कुणाला पुढे करावं का? तर ही दोर कुणाच्या हातात देणार? ज्याला बटणचं नाव उच्चारताना काहीच वाटणार नाही, त्याच्या? रिंगणात मी नजर वर ठेवून चाललो आणि दोराच्या टोकाला कोण आहे ते मला दिसलंच नाही. फळीवर परीक्षक नसतो. तिथे फक्त टोकाकडे बघायचं असतं.

ड्रायव्हरमामांनी आत्ताच खिडकीवर टिचकी मारली. ऐकलं मामा. हॉर्न मात्र वाजवू नका.

समितीने काकांना भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं आहे, ते सुंदर आहे. काका, माझ्याकडे द्यायला काही नाही. उलट एक मागायचं आहे. आज फळीच्या पायथ्याशी तुम्ही माझ्या शेजारी उभे राहा. हात खिशात ठेवलेत तरी चालेल. माझी मूठ आवळलेली दिसली तर त्या पहिल्या दिवशी म्हणालात तसं हळूच म्हणा. या वेळी फास नीट बसवला आहे, मी दोनदा तपासला आहे.

पाळकसाहेब, माझं उत्तर एवढंच. दोर मी घेतो.

अध्यक्षमहोदयांचे, पाहुण्यांचे, खुर्च्या मांडणाऱ्यांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या लहान मुलांचे मी मनापासून आभार मानतो. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, काकांचा आजार चारचौघांत बोललो ते कुणाला रुचलं नसेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि माझ्या हातून जे चुकायचं आहे ते अजून घडायचं आहे, येत्या थोड्या वेळात, बाहेर. त्याचीही क्षमा आत्ताच मागून ठेवतो, कारण तेव्हा मला बोलता येणार नाही.

टाळ्या नकोत. मुलांनो, खुर्च्या न वाजवता उठा.

छोटे, बटणला सोडून आण. रांगेत तू पहिली.