एकतीस मार्चची सही

ताडकळसहून परभणीला निघालेल्या एसटीत किशनराव डोळे मिटून बसले होते. जन्म आडतीवर मुनिमकीत गेलेला, त्यामुळे डोळे मिटले तरी कान उघडेच. पुढच्या बाकावर गावच्या शाळेचे हेडमास्तर होते आणि शाळा समितीच्या अध्यक्षा पंचफुलाबाई.

"ताई, इथं सही करा. पोरींच्या संडासाचा निधी आलाय. आज खर्च दाखवला न्हाई तर सरकारात परत जातो."

"काम कवा व्हायचं?"

"होईल की. आधी पैसा तर उचलू."

"मग इथं 'काम पूर्ण' कशाला लिवलंय?"

"तसंच लिहायचं असतंय. समदेच लिहायलेत."

"आन् हा फोटो कुठला? आपल्या संडासाला तर दारच न्हाई."

"नमुन्याचा हाय. वरच्या सायबाला काय कळतंय!"

"गेल्या सालीबी मार्चातच दारासाठी सही नेलती, मास्तर. ते दार कुठं गेलं?"

"ताई, तुमचा माझ्यावर इश्वास न्हाई का?"

किशनरावांचा थांबा आला. ते उठले नाहीत.

"माझी माधवी शाळेत दिवसभर पानी पीत न्हाई. एक पोरगी आत गेली की दुसरी दाराच्या जागी ओढणी धरून उभी राहते. ठावं हाय का तुमाला?"

"हाय की! म्हणून तर सही मागायलोय."

"करते की. आधी शाळेत परत जाऊ. तुमी आत जाऊन बसा, ओढणी मी धरते."