भात्यावर कोण होतं?

…आणि एवढं सगळं करून, खांदा निखळायला आला तरी, नाव कोणाचं? वाजवणाऱ्याचं. दुसरं नाव? रेकॉर्डिंग करणाऱ्या पोरीचं. तिसरं नाव, ज्यांनी नुसतं ऐकलं आणि भांडले त्यांचं. आपलं कुठे? आपण काय, भाता ओढणारे.

तुम्हाला सांगतो, माझं दिंडोरी रोडला पाइपांचं दुकान, ठिबकचे, बोअरचे, सगळे. एक दिवस गावातल्या एका जुन्या दगडी चर्चमधून, तिथे ऑर्गन वाजवणारे शांतवन सर आले, म्हणाले, ऑर्गनची वाऱ्याची नळी फाटलीय, जोडून द्याल का? मला वाटलं ऑर्गन म्हणजे नाटकात असतो तो, पायाने मारायचा. जाऊन बघतो तर काय, भिंतभर पाइप उभे, बोटाएवढ्यापासून विहिरीत सोडावा एवढ्यापर्यंत! मी तीस वर्षं पाइप विकतोय, पण पाइपातून पाणी सोडून काही बाहेर येतं हे मला वयाच्या साठीनंतर कळलं. सरांनी जोड बघायला म्हणून दोन ओळी वाजवल्या, तीनशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीतल्या, आणि मी पाना हातात धरून तसाच उभा. पैसे घ्यायचे राहिले ते राहिलेच.

तर सरांची पत्नी सुवार्ताबाई. गुडघे गेलेत, दोन वर्षं घराबाहेर पाऊल नाही. सरांच्या मनात होतं, आपली बोटं थरथरायला लागायच्या आत एक तरी मोठी रचना नीट रेकॉर्ड करावी आणि हिला घरी ऐकवावी. बास, एवढंच. पण एवढंच म्हणून नाशकात काही होतं का?

मी चार जाणकार गोळा केले. चार म्हणजे तीनच, चौथा मी. ज्ञानेश सर, कॉलेजात शिकवतात, घरात परदेशी रेकॉर्डांचं कपाट. डॉक्टर मंजुषा मॅडम, दात काढतात आणि गातात, अर्थात एकाच वेळी नाही. आणि निकिता, माइक लावणारी. पहिला वाद पंख्यावरून. ऑर्गनला हवा द्यायला मागे विजेचा पंखा असतो, तो घरघरतो. निकिता म्हणाली, "माइकमध्ये येणार." ज्ञानेश सर खूश झाले, म्हणाले, "बंद करा. तीनशे वर्षांपूर्वी कुठे वीज होती? हाताने भाता ओढायचा, तोच खरा सूर." बरं, पण ओढणार कोण? ज्ञानेश सरांनी मणका दाखवला, मॅडमनी बोटं दाखवली, म्हणाल्या, "ह्याच्यावर पेशंट आहेत हो." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आपण काय, भाता ओढणारे.

ऑर्गनच्या मागे कोनाडा, त्यात लाकडी दांडा, वर-खाली, वर-खाली. भिंतीवर दोरीला शिशाचा गोळा. गोळा खाली आला की हवा भरली, वर चढला की संपत आली. सर वाजवायला लागले आणि मी त्या गोळ्याकडे असा बघत होतो जसा माणूस व्हेंटिलेटरकडे बघतो. आणि मध्येच… सगळे सूर बंद. नुसता पायाखालच्या पट्टीचा एक खर्जातला सूर धरून सर थांबले. मला वाटलं, हवा कमी पडली, घातले दोन जोरात! डोकावून बघितलं तर सर समोरच्या छोट्या आरशात बघत होते. आरशात हा कोनाडा दिसतो. म्हणजे मी दिसलो, मिशांसकट. सर दचकले, आणि पुढे वाजवायला लागले.

मग माझ्या घरी, गंगापूर रोडला, ऐकायची बैठक. पोह्यांच्या प्लेटी संपायच्या आत जुंपली. ज्ञानेश सर म्हणाले, "मधली ती थांबण्याची जागा कागदावर नाही. हे संगीत पळतं ठेवायचं असतं. कापा." मॅडम म्हणाल्या, "काहीतरीच. पळवायला काय गाडी चुकतेय? पण घुमारा कमी आहे, ऐकताना मोठ्या कॅथेड्रलात बसल्यासारखं वाटायला हवं, घुमारा वाढव गं." "वाढवू नका, त्यात बोटं बुडतात." "बुडू देत, तुमचं ऐकणं म्हणजे पोस्टमार्टेम आहे." निकिता आपली शांतपणे, "थांबलेलं कापते, दोन मिनिटांचं काम. शिवाय दांड्याचा करकर आवाज आहे, आणि शेठ, तुमची धाप पण आलीय." शांतवन सर खाली मान घालून म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." कापायचं ठरलं.

दुपारी सरांना स्कूटरवर सोडायला निघालो. सिग्नलला विचारलं, सर, तिथे का थांबलात? म्हणाले, "पंखा हिचे गुडघे गेल्यावर बसवला. त्याआधी अडतीस वर्षं भात्यावर हीच असायची. त्या जागेला हिला दम लागायचा. मग मी एक सूर धरून थांबायचो, ती पदराने तोंड पुसून आरशात मान हलवायची, की पुढे. कागदावर नाही ते, मला माहितीये शेठ. पण पायच उचलत नाही."

सिग्नल हिरवा होऊन मागचे हॉर्न मारतायत, आणि मी तिथेच.

लगेच निकिताला फोन लावला, एक अक्षर कापायचं नाही, करकर नाही, धापसुद्धा नाही. ज्ञानेश सरांचा फोन आला, "शेठ, तुम्हाला ह्यातलं काय कळतं?" म्हटलं काहीच नाही, आपण भाता ओढणारे. तुमच्यासाठी कापलेली वेगळी करू, मॅडमसाठी घुमाऱ्याची वेगळी, बाईंकडे मात्र आहे तशी जाईल.

रविवारी उपासना झाल्यावर आम्ही सगळे त्यांच्या घरी. सुवार्ताबाई खुर्चीत, मांडीवर शाल. निकिताने लावलं. बाईंनी डोळे मिटले, आणि त्यांचा उजवा हात, शालीच्या आत, वर-खाली, वर-खाली. ती थांबायची जागा आली. खर्जातला सूर लागला आणि बाईंचा हात थांबला. पदर तोंडावरून फिरला. आणि त्यांनी मान हलवली, बरोबर त्याच क्षणी पुढचे सूर सुरू झाले. सर खिडकीतून बाहेरचं झाड बघत होते, तिथे झाड नव्हतं, काहीच नव्हतं. ज्ञानेश सरांनी चष्मा काढून पुसला आणि उलटा घातला.

संपलं. मी वाट बघतोय, आता काय म्हणतात. बाईंनी डोळे उघडले, सरांना म्हणाल्या, "छान. नेहमीसारखंच." मग आमच्याकडे वळून, "भात्यावर कोण होतं?"

मी हात वर केला. तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं.

"हे थांबले तिथेच तुम्ही दोन दणके जास्त घातलेत. पुढचे चार सूर ओरडले. भाता ओढायचा नसतो हो, श्वासासारखा घ्यायचा असतो. गुरुवारी चारला या."

तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता दुकान पोरावर टाकून मी जातो. बाईंनी दाराच्या कडीला पंचा बांधलाय, तो मी तासभर वर-खाली करतो, खऱ्या दांड्याला अजून हात लावायची परवानगी नाही. परवा भीत भीत विचारलं, बाई, नाताळपर्यंत जमेल का मला?

म्हणाल्या, "जमेल की. फक्त कुठल्या नाताळपर्यंत ते विचारू नका."