छत चार इंच वर

व्हय, चार इंचच. मोजपट्टी ठिवा खिशात, साहेब, म्याच सांगतो की — हा सिद्धाराम मिस्त्री एकवेळ काम वाईट करंल, पर लबाड बोलनार न्हाय. तुमची पेटी आली पुण्याहून, तर आठ दिस आमी नुसतं उलगडतच बसलो. हॉट रॉड का काय म्हनता तुमी — जुन्या इलायती गाडीची नव्या पत्र्याची बॉडी, अन् आली कशी? सगळी सुट्टी! दारं येगळी, पाठ येगळी, छत येगळं. बरं, जोडली कशी म्या? आधी नुसते टाके मारले, दारं लटकवली, फटीत रुपया सरकवून बघितला चारी अंगानं, मंगच पक्कं वेल्डिंग. फटी बुजवाय लावत्यात त्या लांबीचा, पुट्टीचा लपेडा कुठं दिसतोय का? न्हायच दिसनार. नळदुर्गात ट्रकाच्या केबिनी ठोकून बसलेला हात हाय ह्यो.

तर पेटीतनं छताचे खांब काढले — चारीच्या चारी तोकडे. आता म्या काय समजायचं? धाडनाऱ्यानं चुकून आखूड कापले, असंच ना? मानसानं काय खुराड्यातल्या कोंबडीगत बसायचं व्हय? म्हून जोड दिला. आँ? कागद? व्हता की कागद पेटीत. चित्र बी व्हतं. आमच्या गौरीनं, थोरल्या पोरीनं, वाचून बी दाखवला — "बाबा, हिचं छत मुद्दामच खाली असतंय, तीच हिची शान." ... आता बोललोच हाय तर ऐका. फोन का न्हाय केला? केला असता तर तुमी न्हाय म्हनला असता. म्हून न्हाय केला.

आमचे अप्पा, साहेब — वडील, धुळाप्पा मिस्त्री. ह्या हैदराबाद रोडला कुनाला बी इचारा. हातुडी त्यांनीच दिली माझ्या हातात. तवापास्नं चाळीस वर्सं म्या जोड मारतोय, अन् ते जोडावरनं अंगठा फिरवून म्हनत्यात, "हूं." बास. बरं केलंस म्हनून एक शब्द न्हाय. तुमची बॉडी उभी राह्यली तवा लई हौसेनं म्हनलं, बसा अप्पा. वाकून बसाय गेले, तर पटका छताला अडकून खाली मातीत. उचलला, झटकला, अन् म्हनले, "डोसकं उघडं करून बसायचं, तर ही गाडी कशाची रं, सिद्धा?" गेले घरी. दुसऱ्या दिशी म्या छत कापून काढलं, खांबांना चार इंच जोड दिला. मंग बसले, पटक्यासकट. वर दोन बोटं जागा उरली. दार दोनदा लावून बघितलं, अन् म्हनले — जाऊ द्या, तुमाला काय त्याचं. "आता झाली गाडी," म्हनले. माझं डोळं भरून आलं, साहेब. पोरीला सांगितलं, पत्र्याचा कीस गेला.

देतो की कापून! तुमचा माल, तुमची हौस. दोन दिसांचं काम, मजुरी बी नगं. फकस्त आज नगा बोलू त्याचं. त्ये बघा, आलेच अप्पा. रोज येत्यात, चा पिऊन घटकाभर आत बसत्यात. त्यांच्या म्होरं एवढंच म्हना, चांगली झाली. एवढंच, साहेब. ... न्हाय म्हनवत?

बरं. मंग सरा त्या दारापास्नं. सोमवारी या, तुमच्या मापात मिळंल गाडी. — या अप्पा, या, बसा. हे व्हय? कोन न्हाय. रस्ता इचाराय थांबल्यात. निघालेच.